'तो' म्हणजे कोण, एवढे विचारा

पालकहो, घरात कोणी भरतीची किंवा बँकेच्या परीक्षेची तयारी करीत असेल, तर त्याच्या टेबलावरचे जाडजूड पुस्तक एकदा उचलून पाहा. मराठीच्या भागात 'वाक्यशुद्धी' आणि इंग्रजीच्या भागात 'कॉमन एरर्स' असे मथळे सापडतील. वाक्याचे चार तुकडे पाडलेले असतात आणि चुकलेला तुकडा ओळखायचा असतो. मुलांची खरी दमछाक इथे होते. गणितात कुठे अडले ते मुलाला सांगता येते. इथे 'वाचताना तर बरोबर वाटते' यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही. मग आपण ठरवून टाकतो की पोराचे इंग्रजी कच्चे आहे, क्लास लावा.

क्लास जरूर लावा. पण त्याआधी थोडे ऐकून घ्या. ज्या आईबापांनी इंग्रजीचे एक वाक्यही कधी लिहिले नाही, त्यांनाही या भागात मुलाला मदत करता येते. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. या प्रश्नांचा मोठा भाग खरोखर दोनच गोष्टींवर उभा आहे: वाक्यातले 'तो, ती, ते' कोणाबद्दल आले आहे आणि वाक्यातले विशेषण किंवा जोडतुकडा कोणाला चिकटला आहे. त्या दोन्ही गोष्टी मराठी बोलणाऱ्या माणसाला आतून कळतात. मुलाला त्या कळतात हे त्याला माहीत नसते, एवढीच अडचण.

हे गुण थोडे नाहीत. पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची असते आणि तिच्या चार विषयांत मराठी व्याकरण हा एक आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत, ज्यात ४,६४४ जागांची जाहिरात निघाली होती, १०० प्रश्नांपैकी २५ मराठीचे आणि २५ इंग्रजीचे होते. म्हणजे निम्मा पेपर भाषेचाच. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या (एसएससी) बारावी स्तरावरच्या परीक्षेत पहिल्या टप्प्यातल्या १०० प्रश्नांत २५ इंग्रजीचे असतात आणि उत्तर चुकले तर अर्धा गुण कापला जातो. शिष्यवृत्ती परीक्षेत ३०० पैकी १०० गुण प्रथम भाषा आणि तृतीय भाषेचे. नवेगावबांधच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीसाठी जागा मिळवायची तर ८० पैकी २० प्रश्न उताऱ्यांवरचे, आणि उताऱ्यातला 'तो' कोण हे चुकले की त्या उताऱ्यावरचे एकाहून जास्त प्रश्न चुकतात. परदेशातल्या एमबीएसाठी जी जीमॅट परीक्षा देतात, तिने २०२३ अखेरीस आलेल्या नव्या स्वरूपातून वाक्यदुरुस्तीचा भाग काढून टाकला. आपल्याकडच्या परीक्षांतून मात्र तो गेलेला नाही.

आता मुले नेमके काय चुकतात ते पाहू. 'माझे वडील' या विषयावर इंग्रजीत चार ओळी लिहायला सांगा. 'माय फादर इज अ फार्मर' हे पहिले वाक्य बरोबर येते. दुसरे येते, 'दे गो टू द फील्ड एव्हरी डे.' वडील एक, आणि 'दे' म्हणजे अनेकजण. शिक्षक लाल रेघ मारतात, मुलगा गोंधळतो. त्याने केले काय होते? बापाला मान दिला होता. घरात 'बाबा बांधीत गेले, ते संध्याकाळी येतील' असेच बोलतात. तो 'ते' त्याने जसाच्या तसा उचलला. आपल्या 'ते'ला तीन कामे आहेत: 'ते मूल रडते', 'ते बाबा आले' आणि 'ते लोक गेले'. इंग्रजीत पहिल्याला 'इट', दुसऱ्याला 'ही' आणि तिसऱ्याला 'दे'. मराठीत लिहिताना मुलगा हे तिन्ही कधी गोंधळत नाही, कारण 'ते' कोण हे त्याला माहीत असते. इंग्रजीत लिहिताना त्याने एवढेच विचारायला हवे की हे 'ते' नपुंसकलिंगाचे, मानाचे की अनेकांचे? हा प्रश्न तुम्हीही विचारू शकता. त्याला इंग्रजी लागत नाही.

दुसरी चूक जास्त गंमतीची आहे आणि गोंदिया शहरातल्या मुलांत ती फार दिसते. मुलगा लिहितो, 'रवी लव्ज हर सिस्टर.' विचारा, 'हर' का? तो म्हणतो, बहीण बाई आहे ना! इथे हिंदी आड येते. आपल्या बाजारात, राईस मिलमध्ये, रेल्वे स्टेशनवर हिंदी चालते आणि अनेक घरांतही तीच बोलतात. हिंदीत 'उसकी बहन' म्हटले की 'की' बहिणीमुळे आली, पण 'उस' मुलगा की मुलगी हे कळत नाही. मराठीत दोन्ही कळते. 'त्याची बहीण' यातल्या 'त्या'मध्ये रवी आहे आणि 'ची'मध्ये बहीण आहे. 'तिचा भाऊ' यात 'ति'मध्ये मुलगी आणि 'चा'मध्ये भाऊ. इंग्रजी यातला फक्त पहिला अर्धा घेते. म्हणून मुलाला सांगा, आधी मराठीत म्हण, मग 'चा, ची, चे' बोटाने झाकून टाक. 'त्या' उरले तर 'हिज', 'ति' उरले तर 'हर'. झाडाची पाने असतील तर त्याच 'त्या'चे 'इट्स' होते, कारण तिथे कोणी बाप्या नसून झाड आहे. हिंदीतून इंग्रजीत जाणाऱ्या मुलाला हा आधार मिळत नाही; मराठीतून जाणाऱ्याला तो फुकट मिळतो. आणि आपण काय करतो? 'मराठी काय, येतेच' म्हणून तिचा अभ्यास सोडून देतो.

इथे आपल्या जिल्ह्याविषयी जरा बोलायला हवे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा भाषांच्या बाबतीत विलक्षण आहे. उत्तरेला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. आठ तालुके, पण घरात झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, हिंदी. शाळेत प्रमाण मराठी आणि वर इंग्रजी. प्रत्येक भाषेत लिंगाचा हिशोब निराळा. गोंडीत पुरुष एका बाजूला, आणि स्त्रिया, जनावरे, वस्तू असे बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. छत्तीसगढीत 'टूरा जाथे' आणि 'टूरी जाथे': मुलगा असो वा मुलगी, क्रियापद तेच. हिंदीत दोन लिंगे, मराठीत तीन. आपल्या बोलीत कित्येक ठिकाणी 'ते पोरगी आली' असे सहज म्हणतात. सालेकसा-देवरीकडचे मूल शाळेत 'ती मुलगी शाळेत जातो' लिहिते तेव्हा ते ढ नसते. एका पक्क्या व्याकरणातून दुसऱ्या पक्क्या व्याकरणात येताना त्याचा पाय अडखळलेला असतो. त्याला 'बोलता येत नाही' म्हणणे हा अन्याय आहे. तुमच्यापैकी काहीजण मुलांसमोर आपल्याच बोलीला नाक मुरडतात, तेही कृपा करून थांबवा. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. जिचा असा अभ्यास होतो त्या भाषेची लाज मुलाने का बाळगायची? परीक्षेच्या पानावर प्रमाण मराठी लागते, एवढेच त्याला सांगायचे. घरचे बोलणे चूक आहे, असे सांगायचे नाही.

आणि हा मुलूख व्याकरणाला परका कधीच नव्हता. संस्कृत नाटककार भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आपल्या आमगावजवळचे पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. त्या भवभूतीचे बिरुद होते 'पदवाक्यप्रमाणज्ञ'. पद आणि वाक्य जाणणारा माणूस आमगावच्या शेजारचा, हे मुलांना सांगायला काय हरकत आहे!

मराठीच्या पेपरातही सर्वनाम फसवते. 'व्यक्ती' हा शब्द घ्या. तो स्त्रीलिंगी आहे, मग माणूस पुरुष का असेना. 'ज्या व्यक्तीने अर्ज केला आहे त्याने हजर राहावे' हे चूक, 'तिने हजर राहावे' हे बरोबर. कार्यालयांच्या फलकांवर ही चूक इतकी दिसते की मुलाचा डोळा तिला सरावतो आणि परीक्षेत ती दिसत नाही. तसेच 'मी पुस्तक वाचली'. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी, म्हणून 'वाचले'. 'आवाज' हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. अशा शब्दांची एक वही हिंदी बोलणाऱ्या घरांनी जरूर करावी, नुसती पाठ करायला नव्हे, तर जसजसा शब्द भेटेल तसतसा लिहायला.

मग 'त्याची' आणि 'आपली'. 'रमेशने सुरेशला त्याची सायकल दिली.' सायकल कोणाची? सांगता येत नाही. 'रमेशने सुरेशला आपली सायकल दिली' म्हटले की भांडण मिटते, सायकल रमेशची. इंग्रजीकडे हे 'आपली' नाही. 'रमेश टोल्ड सुरेश दॅट ही हॅड पास्ड' यात पास कोण झाला? परीक्षेत असे वाक्य आले तर जिथे नाव पुन्हा लिहिले आहे तो पर्याय सहसा बरोबर असतो. मुले त्याच पर्यायाला 'नाव दोनदा आले, चांगले दिसत नाही' म्हणून खोडतात. परीक्षकाला देखणे वाक्य नको असते, ज्याचा अर्थ एकच निघतो ते हवे असते.

'इच', 'एव्हरी', 'नायदर' यांबद्दल क्लासमध्ये ट्रिक शिकवतात: हे दिसले की एकवचन. अर्धवट ट्रिक आहे. 'इच ऑफ द गर्ल्स हॅज ब्रॉट हर टिफिन' यात ती चालते. पण 'द गर्ल्स इच हॅव' असे आले की अनेकवचन, कारण कर्ता आता 'गर्ल्स' झाला. आणि 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स' असेल तर जवळचे नाम बघायचे, म्हणजे 'देअर'. मूळ प्रश्न न विचारता ट्रिक लावणारा मुलगा इथे हटकून पडतो. 'एव्हरीवन'च्या मागे 'देअर' चालते का? आजच्या इंग्रजीत सर्रास चालते. अमेरिकेतल्या मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने २०१९ साली एकवचनी 'दे'ला वर्षाचा शब्द ठरवले. आपल्या भरतीच्या पुस्तकांत मात्र जुन्या वळणाचे 'हिज' किंवा 'हिज ऑर हर' हेच बरोबर धरलेले आढळते. मुलाने समोरचे चार पर्याय पाहून ठरवावे आणि परीक्षकाशी मनातल्या मनात वाद घालत वेळ घालवू नये.

आता दुसरी बाजू, विशेषणे आणि जोडतुकडे. हा भाग मला जास्त आवडतो, कारण यात गोंदियाचा माणूस जन्मतः हुशार आहे. 'जुन्या तांदळाची पोती' आणि 'तांदळाची जुनी पोती' यांतला फरक आपल्याकडच्या कोणत्याही मिलवाल्याला विचारा. पहिल्यात पैसा तांदळाला मिळतो, दुसऱ्यात बारदाना फाटका निघतो. 'जुन्या' आणि 'जुनी' या रूपांवरूनच विशेषण कोणाचे आहे ते कळते. पण 'स्वस्त' सारखे विशेषण बदलत नाही. 'स्वस्त धान्य दुकान' यात स्वस्त काय, धान्य की दुकान? रेशनकार्ड हातात असलेल्याला उत्तर माहीत आहे. पाटीवरच्या शब्दांना माहीत नाही. जिथे रूप बदलत नाही तिथे जागा महत्त्वाची ठरते. इंग्रजीत विशेषणाचे रूप लिंगवचनाप्रमाणे बदलतच नाही, म्हणून तिथे सगळा भार जागेवर पडतो. मुलाला एवढे समजले की 'मॉडिफायर' या शब्दाची भीती अर्धी कमी होते.

'ओन्ली'चे प्रश्नही असेच सुटतात. मराठीत आपल्याकडे 'च' आहे. 'सोसायटीनेच धान घेतले', 'सोसायटीने धानच घेतले', 'सोसायटीने धान घेतलेच'. तीन वाक्ये, तीन बातम्या. पहिल्यात व्यापारी फिरकला नाही, दुसऱ्यात तूर-हरभरा राहून गेला, तिसऱ्यात बरीच खटपट करावी लागली. 'च' ज्याला चिकटतो त्याचाच असतो. इंग्रजी 'ओन्ली' वाक्यात इकडेतिकडे फिरते, म्हणून मुलाने आधी मराठीत 'च' कुठे बसतो ते पाहावे आणि 'ओन्ली' त्याच शब्दाला लागून ठेवावे.

सगळ्यांत जास्त मुले फसतात ती लोंबत्या तुकड्यांनी. मराठीत आपण म्हणतो, 'नागझिऱ्यात जिप्सीतून फिरताना वाघ आडवा आला.' कोणालाही यात चूक दिसत नाही आणि चूक नाहीच. फिरणारे आपण, आडवा आला वाघ. '-ताना'ला दोन वेगळे कर्ते चालतात. आता हेच इंग्रजीत: 'रायडिंग इन द जिप्सी, अ टायगर क्रॉस्ड द रोड.' इंग्रजीच्या नियमाने जिप्सीत वाघ बसला! स्वल्पविरामानंतर जो कर्ता येतो, आधीचा तुकडा त्याचाच धरला जातो. म्हणून बरोबर वाक्य, 'रायडिंग इन द जिप्सी, वी सॉ अ टायगर.' किंवा आधीच्या तुकड्यात कर्ता घालून, 'व्हाइल वी वेअर रायडिंग इन द जिप्सी, अ टायगर क्रॉस्ड द रोड.'

मुलाला हे कसे सांगायचे? आपल्याकडे '-ऊन' आहे. 'जिप्सीत बसून वाघ आला' म्हणा, घरातले सगळे हसतील. का हसले ते विचारा. '-ऊन'ला सहसा एकच कर्ता लागतो. जो बसतो तोच येतो. इंग्रजीतला 'आयएनजी'चा सुटा तुकडा आपल्या '-ताना'सारखा वागत नाही, '-ऊन'सारखा वागतो. प्रश्न समोर आला की मुलाने मनात '-ऊन' लावून वाक्य म्हणावे. हसू आले तर वाक्य चूक. ('पाऊस पडून रस्ते खराब झाले' इथे कर्ते दोन आहेत, तरी चालते, कारण तिथे '-ऊन' कारण सांगतो. हुशार मूल हा दाखला तुमच्या तोंडावर फेकेल. फेकू द्या. तो नियम समजल्याचीच खूण आहे.)

घरी करायचे ते एवढेच आहे. रोज संध्याकाळी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद, मराठी चालेल. मुलाने प्रत्येक 'तो, ती, ते, त्यांचा, आपला, हा' या शब्दाखाली रेघ मारायची आणि तिथून ज्या नावाबद्दल तो शब्द आला आहे त्या नावापर्यंत बाण काढायचा. तुम्ही शेजारी बसून विचारायचे, 'हा तो कोण? हा दुसरा तो कोण?' बाण दोन नावांकडे जाऊ शकत असेल तर वाक्य संशयित. बाण जायला नावच नसेल तर वाक्य नक्की चूक. हेच विशेषणांचे आणि हेच 'फक्त', 'सुद्धा', 'च' यांचे. महिनाभर मराठीत केले की तोच हात इंग्रजी उताऱ्यावर चालवायचा. तोपर्यंत मुलाला बाण काढायची सवय झालेली असते आणि शब्द इंग्रजी आहेत एवढाच बदल उरतो. वर मो. रा. वाळंब्यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' घरात असू द्या. ते भरतीच्या मुलांकडे बहुधा असतेच, पण त्यातली वाक्ये सोडवली जातात आणि समजावणीची पाने कोरी राहतात. ती आधी वाचायला लावा.

तुम्ही कमी शिकलेले असलात तर उलट बरे. तुम्ही 'हा कोण?' खरोखर न कळून विचाराल आणि मुलाला खरोखर समजावून सांगावे लागेल. शिकलेले पालक उत्तर सांगून टाकतात, तेवढे टाळा. आणि 'हा कोण?' हे प्रमाण मराठीतच विचारायला हवे असे नाही. झाडीबोलीत विचारा, पोवारीत विचारा, गोंडीत विचारा. बाण तिथेच जातो.

एक मागणे मुलींच्या पालकांकडे वेगळे. भरतीची तयारी करणाऱ्या मुलीच्या वाट्याला संध्याकाळचा स्वयंपाक येतो आणि मुलाच्या वाट्याला ग्राउंड आणि अभ्यासिका, हे आपल्याकडे अजून सर्रास चालते. परिच्छेद आणि बाणांची ही पंधरा-वीस मिनिटे तिलाही द्या, आणि तेवढा वेळ चुलीपाशी दुसरे कोणी बसा.